घरातलं ध्यान

किन्हवली
२४ मार्च

प्रिय अपू,

आशीर्वाद लिहिणार होते, पण तू पत्र उघडशील की पाकिटासकट चुलीत घालशील याचा भरवसा नाही, म्हणून ते तूर्त माझ्याकडेच राहू देत.

तू मला सगळीकडून ब्लॉक केलंस. मेसेजला एकच टिक, आईच्या फोनवरून केला तर फोन बंद. म्हणून हे पोस्टाचं पत्र. पोस्टातल्या भगीरथकाकांनी पाकीट उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "मुरबाडला? एसटीनं गेलीस तं दुपारी जेवाला परत येशील. बँकेची नोटीस हाय का गो?" मी म्हटलं, बहिणीशी भांडण आहे. ते म्हणाले, "मंग शिक्का ठळक मारतो."

एका फोटोवरून एवढा राग? आपल्या पडवीत बसलेली तू, डोक्याला आईचं फडकं, तेलानं चोपडलेले केस, गाऊनवर दुधाचा डाग, मांडीवर भोकाड पसरलेलं बाळ, आणि तुझं तोंड म्हणजे आत्ताच कोणीतरी झोपेतून उठवल्यासारखं. तो मी स्टेटसला टाकला, खाली लिहिलं, 'घरातलं ध्यान'. लोक हसले, पण प्रेमानं हसले गं. मीनाआत्येनं तर फोन करून सांगितलं, सगळ्याच बाळंतिणी अशा दिसतात, फोटो कोणी काढत नाही एवढंच. आणि तू काय केलंस? दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस आणि सासरी निघालीस, आईनं बांधून दिलेले डिंकाचे लाडूसुद्धा फळीवर तसेच.

तुला माझा धंदा माहीत आहे. लग्नसराईत मी लोकांना छान दाखवते. नवरीचे मुरूम पुसते, नवऱ्याला केस देते, सासऱ्यांचं पोट आत घेते. त्यावर माझं पोट चालतं. पण मन रमतं ते 'जंगलातली ध्यानं' या माझ्या ऑनलाइन पानावर. भाद्रपदात पिसारा गळून गेलेला मोर, गालात चिंचा कोंबून बसलेलं माकड, अर्धी कात अंगाला अडकलेली धामण, तानसा तलावाच्या काठी नाकापर्यंत चिखलात लोळणारं रानडुक्कर. तोऱ्यातलं जनावर कोणीही काढतो. तोरा उतरला की ते खरं दिसतं, असं माझं मत आहे, आणि ते तुझ्या रुसव्यानं बदलणार नाही.

बाळाचं नाव ओमकार ठेवलं हे मला दिपेशरावांच्या स्टेटसवरून कळलं. सख्ख्या मावशीला बारशाचं आमंत्रण नाही! फोटोत बाळ तुझ्या सासूबाईंच्या मांडीवर, दिपेशराव बाजूला, शेजारणीपाजारणी मागे. तू कुठेच नाहीस. मावशी नको, हे समजलं. आईपण नको? माझ्या एका फोटोच्या रागानं आता कॅमेऱ्यासमोर यायचंच नाही असं ठरवलं असशील, तर धन्य आहे तुझी.

पाडव्याला ये. आई पुरण घालणार आहे. आबांनी बाळासाठी लाकडाचा बैल केलाय. तो बैलापेक्षा घुशीसारखा दिसतो, पण आबांना सांगायचं कोणी?

तुझी, अजून तरी, ताई
कुणाली

---

किन्हवली
४ एप्रिल

प्रिय अपू,

पाडवा गेला, तू आली नाहीस. तुझ्या वाटच्या दोन पोळ्या आईनं संध्याकाळपर्यंत झाकून ठेवल्या आणि मग गुपचूप गाईला घातल्या.

मी दिपेशरावांना दुकानावर फोन केला. म्हणाले, "जरा थकल्येय ती. खोलीतच असते." मी विचारलं, माझ्यावरचा राग अजून आहे का? तर म्हणाले, "तसंच कायतरी." पुढे काही बोलायचं होतं त्यांना, पण मागून तुझ्या सासूबाईंनी हाक मारली आणि फोन ठेवला. अपू, माणसानं रुसावं, पण त्याला काही मुदत असावी. लहानपणी तू माझ्यावर रुसून कणगीमागे बसायचीस, तेव्हासुद्धा भूक लागली की बाहेर यायचीस.

असो. आज मला जे दिसलं ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. रागावलेली असलीस तरी बहीण तू एकच आहेस.

सकाळी ओढ्यापलीकडच्या शेतात गेले होते. आबांनी राब रचून ठेवलाय. तू आता दुकानदारांच्या घरात पडलीस, विसरली असशील: भाताचं रोप टाकायची जागा आधी भाजून घ्यायची, म्हणून खाली शेण, त्यावर झाडांच्या फांद्यांच्या जुड्या, म्हणजे कवळं, त्यावर गवत नि पातेरा, वर माती. यंदा आबांना चेव चढला होता. बांधाच्या अंगाला थर कमरेइतका झालाय, खाली पोकळी राहिलीय. आई म्हणाली, एवढ्यात दोन घरं शाकारून झाली असती.

मी ओढ्यातल्या डबक्यावर खंड्याची वाट बघत बसले होते. खंड्या आला नाही. करवंदीच्या जाळीतून वाघ आला. म्हणजे बिबट्या, आपल्याकडे त्यालाही वाघच म्हणतात.

मी बसल्या जागी दगडाआड सरकले. पण खरं सांगू? भीतीपेक्षा धक्का जास्त होता. वाघ असा असतो? बरगड्या वर आलेल्या, पोट खाली लोंबतंय, अंगावर जागोजागी केस गेलेले, कानाला गोचिडांच्या माळा, तोंडाला चिखल. पाणी पिताना मागचे पाय थरथरत होते. पिऊन झालं आणि त्यानं जांभई दिली, तेवढ्यात मी फोटो काढला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. वळला आणि आपल्या शेताच्या बांधाकडे निघून गेला. मी आल्या वाटेनं मागे मागे सरकत घरी.

फोटो असा आलाय की बस्स. मी पानावर टाकला, खाली लिहिलं, 'आजोबा, कवळी कुठे विसरलात?' तासाभरात गाव हसतंय. आबा म्हणाले, वाघाला हसू नये. पण ते वाघोबाला नारळ देणारे, ते तसं म्हणणारच.

तू बघितलास तर हसशील. बघ एकदा. ब्लॉक काढ, बघ आणि पाहिजे तर परत घाल.

कुणाली

---

किन्हवली
७ एप्रिल

अपू,

घाईनं लिहितेय, अक्षर लागलं नाही तर दोष देऊ नकोस.

काल सकाळी आई माझ्यासाठी चहा घेऊन स्टुडिओत आली. तिला कधी मोबाइलमधलं काही दाखवत नाही मी, चष्मा शोधण्यातच वेळ जातो. पण काल म्हटलं, बघ तरी तुझी लेक किती गाजत्येय. तिनं फोन लांब धरला, जवळ धरला. हसली नाही. बोटानं फोटो मोठा कसा करायचा ते विचारलं, मी करून दिला.

"ह्यो आजोबा हाय?" आई म्हणाली. "अगो, ही ओली बाळंतीण हाय. पोटाखाली बघ. पोरं चोखून चोखून केस गेल्यात तिथलं."

मी फोटोतला अंधार जरा उजळला. दिसलं. दोन दिवस तो फोटो माझ्या खिशात होता, शेकडो लोकांनी बघितला, आणि कोणालाच दिसलं नव्हतं. मलाही नाही.

"पोरं लांब नसतील ठेवली तिनं," आई म्हणाली. "कुठं गेली मंग ही पाणी पिऊन?"

मी म्हटलं, आपल्या बांधाकडे.

आईनं चहाचा कप खाली ठेवला. "तुझा बाप राब भाजाला गेलाय," ती म्हणाली.

आबांचा फोन घरात चार्जिंगला लावलेला. मी स्कुटीवर बसले, वाटेत वनखात्याच्या काजलला फोन केला. ती ओरडली, जाळीत शिरू नकोस, पिल्लांची आई आसपास असेल. ओढ्यावर पोचले तेव्हा धूर वर चढलेला होता. आबांनी रीतीप्रमाणे वाऱ्याच्या उलट्या बाजूनं पेटवलं होतं, म्हणून आग सावकाश बांधाकडे सरकत होती. ते हातात निरगुडीची फांदी घेऊन कडेकडेनं ठिणग्या मारत होते, दर वर्षी करतात तसंच.

मी ओरडले, आबा, विझवा, आत वाघाची पिल्लं आहेत. ते म्हणाले, "खुळी का काय तू? राबात वाघ?" आणि तेवढ्यात आवाज आला. मांजराचं पिल्लू रडतं ना, तसा.

अपू, मी आबांना कधी पळताना बघितलं नव्हतं. त्यांनी फांदी टाकली आणि सरळ आत. पायात काही नाही. बांधाजवळच्या फांद्या हातानं उपसायला लागले. मी डबक्यातून घागरीनं पाणी आणून ओतत होते, दिसेल तिकडे. आबांनी एक पिल्लू बाहेर दिलं, मग दुसरं. माझ्या ओढणीत घेतली. काजळीनं काळी, डोळे निळसर, वजन म्हणशील तर आपल्या ओमकारच्या दुपट्याएवढं. मग आबा खूप वेळ तिथेच वाकून राहिले. मी हाक मारली तर वळले. तिसरं त्यांच्या हातात होतं. ते हलत नव्हतं.

करवंदीतून गुरगुर आली. इतकी जवळून की ती छातीत वाजली. ती सगळं बघत होती.

काजल आणि तिची माणसं आली. आम्हाला मागे घेतलं. पिल्लांना तपासलं, एकाचा पंजा थोडा भाजलाय. आबांच्या तळव्यांना आणि हातांना फोड आलेत, सरकारी दवाखान्यात मलम लावून आणलं. ते जेवले नाहीत. संध्याकाळी ओटीवर बसून एवढंच म्हणाले, "जल्म गेला राब भाजन्यात. पेटवायच्या आधी काठीनं हालवून बघतो मी. सरडे, ससे, कायबी असतं. यंदा नाय बघितलं. थर जाड झालेला, कंटाळा केला." थोड्या वेळानं परत, "तिला वाटलं, कोनी घरच बांधून ठेवलंय."

त्यांनी नुसती काठी हलवली नाही. माझ्याकडे तर फोटो होता.

कुणाली

---

किन्हवली
९ एप्रिल

अपू,

आधी पिल्लांचं सांगते. आग लागली त्याच संध्याकाळी काजलच्या माणसांनी दोन्ही पिल्लं एका भाजीच्या क्रेटमध्ये घालून बांधाजवळ तिथेच ठेवली, सगळ्यांना हाकललं, आणि झाडाला तो आपोआप फोटो काढणारा कॅमेरा बांधला. काजल म्हणाली, आईला वास लागला तर येईल. माणसांनी हात लावला म्हणून सोडून देईल असं लोक म्हणतात, तसं काही नसतं.

आज सकाळी काजलनं मला फोटो दाखवले. पहिल्यात ती एकाला मानेला धरून नेताना. दुसऱ्यात दुसऱ्याला. मी रडायला लागले. काजल म्हणाली, "थांब, अजून एक हाय."

तिसऱ्या फोटोत ती परत आलीय. क्रेट रिकामं आहे आणि तिनं डोकं आत घातलंय, पार खांद्यापर्यंत. वाघिणीला मोजता येतं का, मला माहीत नाही. पण ती परत आली.

काजल म्हणाली, हा पानावर टाक, हजारो बघतील. मला त्या पानाचीच शिसारी आली. घरी येऊन 'आजोबा' काढून टाकायला बसले. तो काढला. त्याच्याखाली तू होतीस. स्टेटसवरून कधीच गेली होतीस, पण पानावर मी तुला तशीच ठेवली होती, मोर आणि माकडांच्या मधे.

पुसण्याआधी मी फोटो मोठा केला. आईनं करायला लावला होता तसा, अंधार उजळून.

अपू, तुझे हात.

बाळ तुझ्या मांडीवर आहे, रडून लालबुंद झालंय, एका बाजूला घसरतंय. आणि तुझे दोन्ही हात जमिनीवर आहेत. तळवे वर करून, मेल्यासारखे. तू त्याला धरलेलंच नाहीस. तू त्याच्याकडे बघतही नाहीस. आम्ही सगळे तुझ्या केसांना हसलो, गाऊनला हसलो. मी तर तुझ्यापासून दोन पावलांवर उभी होते, फोकस नीट लावत.

वाघीण आजारी वाटली आणि ती बाळंतीण निघाली. तू बाळंतीण आहेस म्हणून तुझं दुखणं कोणाला दिसलंच नाही.

मी फोटो आईला दाखवला. तिनं तो याआधी बघितलाच नव्हता, नुसतं ऐकलं होतं. तिनं बघितला, फोन माझ्या हातात दिला आणि उठून पिशवी भरायला लागली. मी विचारलं, कुठे? म्हणाली, "मुरबाडला. मला वाटलं पोर थकलीय. मी तिला झोप झोप म्हनत ऱ्हायले." तिला रडू येत होतं आणि ती लुगड्याच्या घड्या घालत होती.

आत्ता संध्याकाळची गाडी गेलीय. उद्या पहाटे पहिल्या एसटीनं निघतो, सरळगावला बदलून. हे पत्र टपालात टाकणार नाही, माझ्याच हातून देईन. तोवर तू, अपू, कृपा करून काही करू नकोस. रागाव, शिव्या घाल, मला जन्मभर ब्लॉक कर. फक्त तिथेच राहा.

ताई

---

मुरबाड, तुझ्या खोलीच्या दाराबाहेर
१० एप्रिल

अपू,

आम्ही अर्धा तास दार वाजवतोय. तू "जावा" एवढंच म्हणालीस, म्हणजे ऐकू येतंय तुला. तुझा आवाज ऐकून आईनं भिंतीला डोकं टेकलं. तुझ्याशी बोलायला मला लिहिण्याची सवय झालीय, म्हणून हे दाराखालून सरकवते. कालचंही आत घालते आहे, आधी ते वाच.

दिपेशराव बाळाला घेऊन माझ्यासमोर बसलेत. दुकान बंद ठेवलंय. त्यांनी सगळं सांगितलं. तू दिवसभर कडी लावून असतेस, बाळ रडलं की जास्तच. दूध पाजायला दिलं तर डोळे मिटून पाजतेस आणि लगेच परत करतेस. ते मला म्हणाले, "ताई, त्या दिवशी फोनवर सांगनार व्हतो. लाज वाटली." तुझ्या सासूबाई आत भांडी आपटतायत, त्यांच्या वेळी असली थेरं नव्हती म्हणे. आईनं त्यांच्याकडे एकदाच बघितलं, आता नुसतीच भांडी वाजतायत.

येताना आम्ही इथल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो होतो. मी त्यांना फोटो दाखवला, त्याच फोटोचा काहीतरी उपयोग. त्यांनी केसांकडे बघितलंच नाही, सरळ हातांवर बोट ठेवलं. म्हणाल्या, हे दुखणं आहे, नाटक नाही, रुसवा नाही. बऱ्याच बायकांना होतं. याला औषध आहे, आणि आजच घेऊन या. गाडी दाराशी उभी आहे.

अपू, मी तुला समजावायला आले नाही. तू कशी दिसतेस, काय बोलतेस, बाळाला घेतेस की नाही, यातलं काही मी कोणाला दाखवणार नाही. तुझा फोटो आता फोनमधूनही पुसला. पानच बंद केलंय.

आबा आले नाहीत, त्यांना पाय टेकवत नाहीत. त्यांनी बैल पाठवलाय. आणि तुला सांगायला सांगितलंय, "तिला म्हनावं, आतमंदी कोन हाय ते बघितल्याबिगर आता मी काय पेटवनार नाय." त्याचा अर्थ काय ते त्यांनाच ठाऊक. मला मात्र कळला.

कडी काढ गं. आम्ही इथेच आहोत.

ताई

---

(त्याच कागदाच्या मागे, काजळाच्या पेन्सिलीनं)

ताई,

मी तुझ्यावर रागावून नाय गेले. फोटोत माझे हात मला पन दिसले तेव्हा. तुला कळलं असं वाटून पळाले.

कडी मी तुमच्यावर नाय लावत. बाळाला मी कायतरी करीन अशी भीती वाटते. माझ्यापासून त्याला लांब ठेवायला लावते.

आता काढते. आईला पुढं कर. बाळाला तू घट्ट धर.